वाटा फुटणारी गोष्ट

रात्रीं निजतांना आजीपाशीं गोष्ट ऐकत बसलेलें मूल मध्येंच एक प्रश्न विचारतें, आणि तो प्रश्न घरोघर जवळजवळ सारखाच असतो. "पण आजी, राजकन्येनें तें दार उघडलेंच नसतें तर?" आजी दमलेली असेल, तर "मग गोष्टच झाली नसती, झोप आतां," एवढ्यावर तो मिटतो. तिला सवड असेल, तर ती क्षणभर थांबते आणि दार न उघडणाऱ्या राजकन्येची दुसरीच गोष्ट रचूं लागते. मुलाचें समाधान होतें. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात, हा आजीवर पडणारा भुर्दंड.

छापील पुस्तकाला ही सवड नसते. लेखकानें दार एकदां उघडलें कीं तें सर्व आवृत्त्यांत उघडेंच राहतें. मुलाच्या त्या "तर?" ला उत्तर देऊं शकेल अशी गोष्ट रचण्याचीं कांहीं साधनें गेल्या दीड दशकांत संगणकावर पुष्कळ प्रचारांत आलीं आहेत. त्यांचा विशेष हा कीं, तीं वापरण्यासाठीं संगणकाची सांकेतिक भाषा शिकावी लागत नाहीं. ज्याला चांगलें पत्र लिहितां येतें त्याला त्यांवर गोष्ट रचतां येते. या साधनांनीं काय साधतें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय साधत नाहीं, हें श्रोत्यांपुढें ठेवण्याचा या भाषणाचा हेतु आहे.

आपल्याकडे हा प्रकार अगदींच अपरिचित होता असें नाहीं. वेताळपंचविशींतील विक्रमराजापुढें कथेच्या शेवटीं दोनच वाटा असतात. उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर मस्तकाचीं शकलें होणार. बोलला तर मौन मोडणार आणि प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लोंबणार. पण येथें निवड राजा करतो, ऐकणारा नव्हे. मोक्षपटांत, ज्याची पुढें सापशिडी झाली, वाटा पुष्कळ आहेत. तेथें निवड कवड्या करतात. ऐकणाऱ्यानें स्वतः निवडावें आणि त्या निवडीचें फळ त्यानेंच भोगावें, हा तिसरा प्रकार. त्याचें पुस्तक अमेरिकेंत इ. स. १९३० इतक्या लौकर निघालें होतें. डोरिस वेब्स्टर व मेरी ऑल्डन हॉपकिन्स या दोन लेखिकांनीं तें लिहिलें, आणि त्याच्या नांवाचा भावार्थच मुळीं 'परिणामांचा विचार करा' असा आहे. पुढें एडवर्ड पॅकर्ड नांवाचा एक वकील आपल्या मुलींना रात्रीं गोष्ट सांगतां सांगतां अडला आणि "आतां पुढें काय करावें?" असें त्यानें त्यांनाच विचारलें. मुलींनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्यांतून त्यानें इ. स. १९६९ मध्यें एक पुस्तक लिहिलें. तें छापून निघण्यास १९७६ उजाडावें लागलें, आणि १९७९ पासून मात्र त्या पद्धतीच्या पुस्तकांची मोठी मालिकाच इंग्रजींत सुरू झाली. "आंत जावयाचें असेल तर अमुक पान पाहा, परत फिरावयाचें असेल तर तमुक पान पाहा," अशी त्यांची रचना. हीं पुस्तकें वाचणारीं मुलें पहिल्या पानांत बोट अडकवून ठेवीत, आणि नायक खड्ड्यांत पडला कीं निमूटपणें मागें येत. परिणामांचा विचार बोटाच्या जोरावर चुकवितां येतो, हें लेखकांच्या ध्यानांत आलें नसावें.

इ. स. २००९ मध्यें क्रिस क्लिमस या अमेरिकन गृहस्थानें 'ट्वाइन' नांवाचें साधन सिद्ध केलें. ट्वाइन म्हणजे पीळ दिलेला दोरा. गिरणीच्या त्रासन-खात्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला हें नांव समजावून सांगावें लागणार नाहीं. साधन विनामूल्य आहे. तें उघडलें कीं पडद्यावर आलेखाच्या वहीसारखें रेघांचें मैदान दिसतें व त्यावर एक लहानसा चौकोन असतो. चौकोन उघडून आंत गोष्टीचा पहिला तुकडा लिहावयाचा. जेथें वाट फुटावी असें वाटेल तेथील शब्द दुहेरी चौकोनी कंसांत घालावयाचे. इतकें केलें कीं त्या शब्दांच्या नांवाचा नवा चौकोन मैदानावर आपोआप उमटतो व पहिल्यापासून त्याच्यापर्यंत एक बाण ओढला जातो. असे चौकोनामागून चौकोन वाढत जातात आणि लेखकाला आपल्या साऱ्या गोष्टीचा नकाशा एका दृष्टिक्षेपांत दिसतो. वाचकाला नकाशा दिसत नाहीं. त्याच्यापुढें एका वेळीं एकच तुकडा येतो, आणि त्यांतील रंगीत शब्दांवर बोट ठेवलें कीं पुढचा. गोष्ट पुरी झाली म्हणजे ती सगळी एका फायलींत बांधली जाते व ती फाईल कोणत्याही मोबाईलच्या ब्राउझरमध्यें उघडते. मराठी लिहिण्यास कांहींएक अडचण नाहीं. फक्त एक सावधगिरी हवी. हें साधन ब्राउझरमध्यें वापरलें तर अर्धवट गोष्ट त्या ब्राउझरच्याच पोटांत राहते. घरांतील कोणीं उत्साहानें त्याची साफसफाई केली तर महिन्याची मेहनत क्षणांत जाते. म्हणून रोज उठतांना एक प्रत निराळी उतरवून ठेवावी.

हें मुलांचें खेळणें आहे असें मात्र कोणी समजूं नये. इ. स. २०१८ च्या डिसेंबरांत नेटफ्लिक्सनें 'बँडरस्नॅच' हा प्रेक्षकानें निवड करीत पाहावयाचा चित्रपट दाखविला, त्याचा आराखडा लेखक चार्ली ब्रूकर यांनीं ट्वाइनवरच मांडला होता.

साधन सोपें असल्यामुळें पहिल्याच दिवशीं एक मोह पडतो. प्रत्येक तुकड्याच्या शेवटीं दोन वाटा फोडाव्या, असें लेखकाला वाटतें. याचा हिशेब शाळेंतील मुलालाही करतां येईल. दहा वेळां दोन-दोन वाटा फोडल्या तर शेवट होतात १,०२४ आणि एकंदर तुकडे होतात २,०४७. तुकडा शंभर शब्दांचा धरला तरी लेखकाला दोन लाखांवर शब्द लिहावे लागतील, आणि एका वेळीं वाचणारा त्यांतले अकरा तुकडे, म्हणजे अकराशें शब्द वाचून गोष्ट मिटवील. इतका अव्यापारेषु व्यापार कोणीही शहाणा माणूस करणार नाहीं. यावर तोड अशी कीं, फुटलेल्या वाटा पुढें कोठें तरी पुन्हा एकत्र आणावयाच्या. गिरगांवांत राहिलेल्याला ही युक्ति पायांनींच ठाऊक असते. ठाकुरद्वाराच्या नाक्यावरून निघालेला माणूस हमरस्त्यानें जावो, नाहीं तर दोन तोंडांच्या एखाद्या वाडींतून आडवा घुसो; थोड्या वेळानें दोघेही त्याच रस्त्यावर भेटतात. एकाला वाटेंत ओळखीचें कोणी भेटलें, दुसऱ्याला नाहीं, एवढाच भेद राहतो. आतां तो भेद एवढाच म्हणावा कीं केवढा म्हणावा, यावर अशा गोष्टीचें सारें मोल अवलंबून आहे.

येथवर यंत्राची बाजू झाली. खरी अडचण पुढें आहे, आणि ती एका प्रत्यक्ष उदाहरणावांचून ध्यानांत यावयाची नाहीं. कल्पना करावी कीं, लालबाग-परळच्या एखाद्या शाळेंतील मराठीच्या बाईंनीं वर्गाला असें काम दिलें: आपल्या आजोबांच्या काळांतील गिरणी संपाची वाटा फुटणारी गोष्ट तयार करा. विषय त्या मुलांना परका नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरांत तो प्रश्न कधीं ना कधीं निघालेला असतो. "आजोबा, तुम्ही तेव्हां कामावर परत कां गेलां नाहीं?" किंवा त्याच्या उलट, आणि हा प्रश्न अधिक हलक्या आवाजांत विचारला जातो, "तुम्ही कां गेलां?" आजीच्या गोष्टींतल्या "तर?" चाच हा मोठा झालेला भाऊ आहे.

मुलें बहुधा पहिला चौकोन असा लिहितील: तारीख १८ जानेवारी १९८२, लालबागची चाळ, पहाटेचा भोंगा. खालीं दोन वाटा: 'संपांत जाणें' आणि 'कामावर जाणें'. साधन ही वाट तत्काळ फोडून देईल. पण त्या दिवशीं ती खरोखर फुटत होती काय? डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार त्या दिवसापासून कामावरून दूर झाले. साचे-खात्यांतील एकटा साचेवाला दारांतून आंत गेला असता, तरी त्याला सूत कोणी पुरविलें असतें? त्या पहाटे त्याच्यापुढें निवड अशी नव्हतीच. निवड नंतर आली, आणि ती दर महिन्याला नवें रूप घेऊन आली. चौथ्या महिन्यांत बायको-मुलांना कोंकणांत किंवा साताऱ्याकडे गांवीं धाडावें कीं येथेंच ठेवावें? दागिना मोडावा कीं गहाण ठेवावा? भिवंडीच्या यंत्रमागावर मिळेल त्या मजुरीनें उभें राहावें, कीं दादरच्या बाजाराबाहेर भाजीची पाटी घेऊन बसावें? आणि गिरण्यांनीं थोडथोडीं खातीं चालू करण्यास आरंभ केल्यावर, शेजाऱ्यांची नजर चुकवून दारापाशीं जावें कीं न जावें? वाट फुटते ती या जागीं. ती कोठें फुटली हें साधनाला माहीत नसतें. तें विचारून, वाचून काढावें लागतें. मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं गिरणगांवांतील शंभर माणसांच्या तोंडून ऐकलेला इतिहास इ. स. २००४ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झाला आहे. असा ग्रंथ हाताशीं असतां पहिल्याच चौकोनांत खोटी वाट फोडण्याचें कारण नाहीं.

कांहीं वाटा तर दिसत असून बंद होत्या. संपाच्या मुळाशीं वेतन व बोनस यांबरोबर संघटनेचाही प्रश्न होता. इ. स. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें मान्यता असलेली एकच संघटना मालकांशीं बोलूं शकत असे, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. आपल्या वतीनें दुसऱ्यानें बोलावें असें कामगारांनीं ठरविलें तरी ती वाट कायद्यानें अडविलेली. गोष्टींत हें कसें दाखवावें? एक नमुना उपलब्ध आहे. ट्वाइनवर रचलेल्या व इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'डिप्रेशन क्वेस्ट' या मनोविकारावरील इंग्रजी कृतींत वाचकाला कांहीं पर्याय रेघ मारलेले दिसतात. शहाणपणाचा पर्याय वाचतां येतो, पण त्यावर बोट ठेवलें तर कांहीं होत नाहीं. आजारी माणसाला योग्य काय तें कळतें आणि वळत मात्र नाहीं, ही गोष्ट त्या एका रेघेनें जितकी उमगते तितकी चार पानांच्या वर्णनानें उमगणार नाहीं. गिरणीच्या गोष्टींतही अशा खोडलेल्या ओळी लागतील. बदली कामगाराच्या वाट्याला त्या सर्वांत अधिक येतील. रोज सकाळीं दारापाशीं उभें राहून कोणी गैरहजर असेल तरच काम मिळवावयाचें, त्याला निवड ती कशाची?

दुसरा मोह बक्षिसाचा. 'योग्य' वाट घेणाऱ्याचें भलें करावें आणि 'चुकीची' घेणाऱ्याला शिक्षा करावी, ही मास्तरकीची संवय लेखकाच्या हाडांत असते. गिरणगांवाच्या इतिहासानें असा निकाल दिलेला नाहीं. शेवटपर्यंत बाहेर राहिलेल्याला विजय मिळाला नाहीं. आणि आधीं आंत गेलेल्याला नोकरी मिळाली तरी ती टिकलीच असें नाहीं, कारण पुढील वर्षांत कित्येक गिरण्याच बंद पडल्या. लोअर परळची फिनिक्स गिरणी आज दुकानांचा झगमगाट आहे. तेथें हिंडणाऱ्याला पूर्वींचें खातें शोधूनही सांपडणार नाहीं. तेव्हां दोन्ही वाटा फिरून एकाच बंद दारापाशीं येतात. वर सांगितलेली वाड्यांची युक्ति लेखकाच्या श्रमाची सोय म्हणून निघाली, पण येथें तीच इतिहासाशीं इमान राखणारी ठरते.

परंतु दाराशीं आलेले ते दोघे सारखे असतात काय? नसतात. एकाला चाळींत पाणी भरतांना कोणी हटकून बोलत नाहीं. दुसऱ्याच्या घरांत देणेकरी बसलेला असतो. हा फरक राखण्यासाठीं साधनांत स्मरणाची सोय आहे. वाचकानें मागें काय निवडलें, उधारी किती झाली, कोणाशीं बोलणें तुटलें, याची नोंद एका छोट्या ओळींत ठेवतां येते, आणि पुढचा तुकडा त्या नोंदीप्रमाणें बदलतो. या ओळी लिहितांना थोडीशी सांकेतिक भाषा शिरते हें कबूल केलें पाहिजे. "प्रोग्रॅमिंग अजिबात नको" ही जाहिरात येथवरच खरी. पण ती भाषा खाणावळीच्या वहीहून अवघड नाहीं. नांव, रक्कम, बाकी.

आणि खाणावळीचें नांव निघालें म्हणून सांगावयाचें तें असें कीं, या गोष्टीची सर्वांत सकस वाट कदाचित् साचेवाल्याची नसून त्याला जेवूं घालणाऱ्या बाईची असेल. एकट्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण देणाऱ्या शेंकडों बायका गिरणगांवांत होत्या. किराणा त्यांनाही उधारीवर, आणि तो सावकारी व्याजानें. त्यांना बँकेचें कर्ज मिळावें म्हणून प्रेमा पुरव यांनीं इ. स. १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. अशा बाईच्या पंक्तीला पंधरा माणसें आहेत आणि पगार थांबले आहेत, एवढें लिहून चौकोन संपवावा. पुढें काय करावयाचें? सर्वांना वाढावयाचें, तर आपलें कर्ज वाढतें. निम्म्यांना "उद्यांपासून येऊं नका" म्हणावयाचें, तर निम्मे कोणते? गांवचे ठेवावे कीं जुने ठेवावे? आमटींत पाणी वाढवून दिवस काढावे? येथें एकही ओळ खोडलेली नाहीं. प्रत्येक वाट खरोखरच तिच्या हातांतली आहे, आणि म्हणूनच वाचकाचें बोट येथें पडद्यावर थबकेल. संपाचीं भाषणें व आकडे वाचून जें कळत नाहीं, तें या थबकण्यांत कळण्याचा संभव आहे.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' या इ. स. १९९७ मधील नाटकाशीं ताडून पाहिलें म्हणजे या प्रकाराची शक्ति व मर्यादा दोन्ही दिसतात. संपानंतरच्या गिरणगांवांतील एका घराचें तें नाटक. नाटककारानें वाटा भावंडांत वांटल्या आहेत: एक लिहिण्याकडे, एक गुंडगिरीकडे, एक क्रिकेटच्या नादांत, आणि आई या सर्वांच्या मध्यें. रंगभूमीवर त्या वाटा एकाच खोलींत एकमेकींना धडकतात. वाटा फुटणाऱ्या गोष्टींत तसें धडकणें नसतें, कारण एक वाट घेतली कीं दुसरी दिसेनाशी होते. उलट नाटकांत प्रेक्षक खुर्चींत बसून प्रत्येकाचा निवाडा करूं शकतो. गोष्टींत त्याला तो करतां येत नाहीं, कारण निवड त्याचीच असते. नाटकाच्या मानानें ही गोष्ट कलेंत उणीच राहील. तिचा उपयोग निराळा आहे, आणि तो आजोबांना विचारलेल्या प्रश्नाचा सूर बदलण्यापुरता असला तरी पुष्कळ झाला.

दैवाची सोयही साधनांत आहे. एकाच जागीं आल्यावर कधीं हा तुकडा, कधीं तो तुकडा, असें यंत्रालाच निवडूं देतां येतें. एरवीं ती सोय आळशी लेखकाची पळवाट होते. पण गिरणी कामगारांच्या घरांसाठीं म्हाडानें इ. स. २०१२ मध्यें सोडत काढली, आणि अर्ज घरांहून कितीतरी अधिक होते. त्या चौकोनावर वाचकाला निवड देणें खोटें होईल. तेथें मोक्षपटाच्या कवड्याच हव्यात.

मुलांनीं आरंभ मात्र संगणकावर करूं नये. कागदाचे तुकडे करून फरशीवर पसरावे, दोऱ्यानें जोडावे, आणि आजोबांनाच त्या दोऱ्यांवरून चालावयास लावावें. "असें नव्हतें रे," असें ते जेथें म्हणतील तो दोरा उचलून टाकावा. मग उरेल तें यंत्रावर चढवावें.

राहतां राहिला शेवट. ट्वाइनमध्यें ज्या चौकोनांतून पुढें बाण निघत नाहीं, तेथें गोष्ट थांबते. निराळें 'समाप्त' लिहावें लागत नाहीं. परंतु १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला हा संप मागें घेतल्याची रीतसर घोषणा कधींच झाली नाहीं. डॉक्टर सामंतांचा इ. स. १९९७ च्या जानेवारींत खून झाला, तेव्हांही ती झालेली नव्हती. संप कोणासाठीं दुसऱ्या वर्षीं संपला, कोणासाठीं गिरणीची चिमणी पाडली त्या दिवशीं, आणि कोणासाठीं तो अजून संपलेला नाहीं. बाण न निघणारा तो चौकोन मैदानावर कोठें ठेवावा, हें प्रत्येक मुलाला आपल्या घरीं विचारूनच ठरवावें लागेल.